शेवटची एस्टी गेली की आमचा धंदा सुरू

माझ्या आजोळी नारायणगावला लॉज आहे असं पुण्यात कुणाला सांगितलं की समोरच्याला लगेच स्विमिंग पूल आणि हुरडा पार्टी दिसायला लागते. तसलं काही नाही हो. खाली खानावळ, वर आठ खोल्या, मागे न्हाणीघर आणि तांब्याचा बंब, बाहेर 'लॉजिंग बोर्डिंग' अशी पाटी आणि त्यावर प्रोप्रायटर म्हणून आजोबांचं नाव. आजोबा गल्ल्यावर बसून नोंदवही लिहायचे, नाव काय, गाव कुठलं, आला कुठून, जाणार कुठे, कारण पोलीस कधीही येऊन वही मागायचे. बाकी सगळं आजीकडे.

आता नारायणगाव पुण्यापासून ७५ किलोमीटर, म्हणजे नाशिकला निघालेला माणूस इथे चहा पिईल पण रात्रभर कशाला थांबेल? थांबायचे ते वेगळेच, ज्यांचं काम गावातच असायचं आणि ते लांबता लांबता शेवटची एस्टी निघून जायची. आमचा अख्खा मुक्कामाचा धंदा त्या हुकलेल्या एस्टीवर चालायचा, असं मामा अजूनही म्हणतो आणि मला ते शंभर टक्के पटतं.

सगळ्यात मोठी गर्दी पाडव्याच्या आसपास. हे विठाबाई नारायणगावकरांचं गाव, तमाशाची पंढरी, फडांच्या राहुट्या इथेच लागतात आणि चैत्र-वैशाखातल्या जत्रांच्या सुपाऱ्या इथेच ठरतात. कुठकुठल्या गावांची जत्रा कमिटी यायची, पाच-सहा जण, एकाच्या बंडीच्या आतल्या खिशात वर्गणीचे पैसे, मग या राहुटीतून त्या राहुटीत, मॅनेजर एक आकडा सांगणार, हे निम्म्यावर आणणार, उठून जाणार, परत येणार, पाच-सहा चहा होणार, आणि तारीख ठरून विसार देईपर्यंत दिवस बुडालेला. मग सगळे आमच्याकडे. दोन खाटांच्या खोलीत सहा जण झोपायचे आणि भाडं मात्र दोघांचंच द्यायचे, आजोबा कुरकुरायचे पण आजी म्हणायची, "झोपू दे की, जेवणार तर सहा जण ना!"

ह्या एका वाक्यात आमच्या घराचं सगळं अर्थशास्त्र आलं बघा. खोल्यांनी कधी फार कमावून दिलंच नाही, खोल्या म्हणजे गिऱ्हाईक रात्रीच्या जेवणापर्यंत अडकवून ठेवायची सोय. कमावलं ते मासवडीने. जुन्नर-आंबेगावकडचं कुणी वाचत असेल तर त्याला सांगायला नको. आजी उकळत्या फोडणीच्या पाण्यात एका हाताने बेसन सोडायची आणि दुसऱ्या हाताने घोटायची, गुठळी झाली तर त्या दिवशी कुणाची खैर नाही. घट्ट झालेला तो गोळा गरम असतानाच ओल्या फडक्यावर थापायचा, हात भाजतो, मधूनमधून गार पाण्यात बुडवायचा, वर भाजलेलं खोबरं, तीळ, कांदा, लसूण, खसखस असं सारण, मग फडक्यासकट उचलून दुमडायचं आणि दाबून तिकोनी आकार द्यायचा. गार झाल्यावर वड्या कापायच्या. सोबत काळ्या मसाल्याची तर्री आणि बाजरीची भाकरी. पुण्यात 'अस्सल मासवडी' म्हणून जे मिळतं त्यात सारण कमी आणि बेसनच जास्त, माझं मत आहे, भांडायला या.

नंतर जवळच खोडदला जीएमआरटीचं, म्हणजे मोठ्या रेडिओ दुर्बिणीचं काम निघालं, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, पुणे विद्यापीठाच्या आवारातल्या एनसीआरए या रेडिओ खगोलशास्त्राच्या संस्थेचा प्रकल्प. तेव्हा कामावरचे फिटर, वेल्डर महिना महिना राहायचे आणि त्यांच्यातल्या परप्रांतीयांसाठी मामीने पहिल्यांदा रात्री भात जास्त टाकायला सुरुवात केली. मग टोमॅटोवाले. सीझनला बाहेरचे व्यापारी खोल्या महिन्याच्या बोलीवर घेतात आणि पहाटेपासून फोनवर ओरडत असतात, २०२३ च्या जुलैमध्ये २० किलोचा क्रेट दोन हजारांच्या वर गेला तेव्हा तर रात्रीसुद्धा कुणी झोपत नव्हतं म्हणे.

बायपास झाल्यावर सगळे विचारायला लागले, "काय, आता धंदा बसला असेल ना?" अहो, हायवेवरचा चालता माणूस आमचा होताच कधी? आमच्या खोल्या रिकाम्या केल्या त्या बोलेरो-स्कॉर्पिओने. आता कमिटी स्वतःच्या गाडीने येते, फोनवर आधीच निम्मं बोलणं झालेलं असतं, सुपारी फायनल करून, जेवून, रात्री दहाला परत. शेवटची एस्टी किती वाजता आहे हे आता त्यांच्यातल्या कुणाला ठाऊक नसेल. त्यात २०२० आणि २०२१ या दोन्ही वर्षी कोरोनाने जत्राच झाल्या नाहीत, फडांचे हाल तर विचारूच नका, आमच्याकडेही त्या काळात वरचा मजला कुलूपबंद होता.

आता आठपैकी तीन खोल्याच मुक्कामाला ठेवल्यात, बाकीच्या टोमॅटोच्या सीझनला जातात आणि एरवी मामाचं सामान. खानावळ मात्र जोरात आहे, मामेभावाची बायको बघते, तिने आजीचं प्रमाण वजनावर मोजून लिहून घेतलंय आणि गॅसवर मोठ्या पातेल्यात करते, चव तीच आहे (आजीच्या चुलीचा धूर सोडून). गेल्या वर्षी पाटी नवीन केली तेव्हा मामाने आजोबांच्या नावाखाली आजीचंही नाव घालायचं ठरवलं, तर पेंटर म्हणाला प्रोप्रायटर एकच असतो. मामा म्हणाला, "मग यांचं काढ आणि तिचं ठेव."

कुणी जाणार असाल तर मासवडी आदल्या दिवशी फोन करून सांगा, रविवारी दुपारी एकनंतर मिळत नाही.