शेवटचं औषध कधी मारलं?

सोसायटीच्या लिफ्टमध्ये मला हटकून विचारलं जातं, "तुम्ही शेतकऱ्याघरच्या ना? मग सांगा, सेंद्रिय भाजी घ्यावी का? दुप्पट पैसे मोजायचे, पण फरक पडतो का काही?" चौथ्या मजल्यापर्यंत या प्रश्नाचं उत्तर देऊन होत नाही. म्हणून आज सविस्तर सांगते.

माझं माहेर तासगाव तालुक्यातलं. साडेतीन एकर द्राक्षबाग. ओसरीवर कॅलेंडर टांगलेलं असायचं. त्यात निळ्या पेनाने आईचा दुधाचा हिशेब आणि लाल पेनाने आप्पांचं, म्हणजे वडिलांचं, फवारणीचं औषध. आमच्याकडे कीटकनाशक म्हणत नाहीत, औषधच म्हणतात. ऑक्टोबर छाटणी झाली की लाल पेन वाढत जायचं. घड लागलेत आणि अवकाळी पाऊस झाला, तर डाऊनी या रोगाच्या भीतीने रात्री बारालासुद्धा ब्लोअर, म्हणजे फवारणीचं यंत्र, सुरू व्हायचा.

आणि आम्हा पोरांना स्वतःच्या बागेतली द्राक्षं विचारल्याशिवाय खायची परवानगी नव्हती. "आप्पा, खाऊ का?" म्हटलं की ते घडाकडे नाही, कॅलेंडरकडे बघायचे. "दिवस भरले न्हाईत अजून." शेवटची फवारणी आणि काढणी यांच्यात किती दिवस जायला हवेत, हे प्रत्येक औषधाचं ठरलेलं असतं. तेवढ्या दिवसांत त्याचा अंश खाण्यायोग्य मर्यादेखाली येतो. सगळा खेळ या दिवसांचा आहे.

2010 मध्ये आपली द्राक्षं युरोपात अडकली. वेलीची वाढ रोखायला वापरतात त्या क्लोरमेक्वाटचे, म्हणजे आमच्या भाषेत सीसीसीचे, अंश सापडले होते. गावोगाव 'रेसिड्यू', म्हणजे औषधाचा उरलेला अंश, हा शब्द तेव्हा मराठी झाला. निर्यातीच्या प्लॉटची नोंदणी असते, द्राक्षांचा नमुना प्रयोगशाळेत जातो, रिपोर्ट नीट आला तरच माल पुढे जातो. शेजारच्या बाजारात जाणाऱ्या क्रेटला मात्र असं कोणी विचारत नाही. म्हणून निर्यातीसाठी तपासलेली द्राक्षं सेंद्रिय नसूनही मी बिनधास्त खाते, आणि नुसती 'केमिकल फ्री' पाटी दिसली की थांबते.

सेंद्रिय म्हणजे फवारणीच नाही, हाही एक गोड गैरसमज. मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण, गंधक, हे सेंद्रिय बागेतही ठरावीक मर्यादेत चालतं. कडुनिंबाचा अर्क, दहा प्रकारच्या पाल्याचा दशपर्णी अर्क वेगळेच. पुन्हा, जमीन एका हंगामात सेंद्रिय होत नाही. प्रमाणपत्राच्या नियमांत हंगामी पिकाला साधारण दोन वर्षं आणि फळबागेला तीन वर्षं रूपांतरासाठी धरलेली आहेत. "यंदापासून सेंद्रिय केलंय" म्हणणाऱ्याचं कौतुक करावं, पण दाम दुप्पट देऊ नये. पाकिटावर सेंद्रिय प्रमाणपत्राचं सरकारी चिन्ह बघा. लहान शेतकरी थेट तुम्हाला विकत असेल तर त्याला प्रमाणपत्राची सक्ती नाही. तिथे तोंडाने विचारावं लागतं.

जीवनसत्त्वांसाठी घेणार असाल तर पैसे वाचवा. तो फरक असलाच तर इतका कमी, की मूठभर भाजी जास्त खाल्लीत तर भरून निघेल. माझा पैसा जातो तो पालेभाजी, फ्लॉवर, वांगी, भेंडी, ढोबळी मिरची आणि द्राक्षांवर. यांच्यावर औषध जास्त पडतं आणि सोलून टाकायला साल नसते. कांदा, नारळ, फणस, लाल भोपळा, केळी मी साध्या गाड्यावरून घेते. धुण्याने वरवरचं बरंचसं जातं, झाडात भिनणारं जात नाही. मिठाच्या पाण्यात तासभर भिजत घातलेल्या मेथीची फक्त चव जाते, एवढं मात्र अनुभवाने सांगते.

तरीही मी जास्त पैसे मोजते, त्याचं कारण माझं ताट नाही. फवारणीच्या दिवशी आप्पांचा सदरा आई बाकी कपड्यांत टाकायची नाही, मागच्या दगडावर वेगळा धुवायची. त्या रात्री आप्पा डोळ्यांवर ओला पंचा ठेवून पडलेले असायचे आणि जेवण नको म्हणायचे. 2017 मध्ये यवतमाळला कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त माणसं गेली, तेव्हा आईने फोन करून एवढंच विचारलं, "आठवतो का गं तो सदरा?" आपल्या पानात येतो तो दिवस उलटून उरलेला अंश. ब्लोअर चालवणाऱ्याच्या अंगावर उडतं ते ताजं. सेंद्रियवाल्याला दिलेल्या जादा वीस रुपयांतून असा एखादा सदरा वाचत असेल, तर ते मला महाग वाटत नाहीत.

आता मी भाजीवाल्याला "सेंद्रिय आहे का?" असं विचारतच नाही. त्याचं उत्तर कोणीही "हो" असंच देतं. मी विचारते, "शेवटचं औषध कधी मारलं?" रविवारच्या बाजारात पुरंदरकडून एक गृहस्थ येतात. पहिल्यांदा विचारलं तेव्हा ते जरा चपापले, मग म्हणाले, "ताई, खरं सांगू? एरवी मारत नाही. या खेपेला मेथीवर माव्याची कीड फार होती, मारलं. चार दिवस झालेत. न्यायची तर न्या."

त्या रविवारी मी मेथी नाही घेतली, भोपळा घेतला. पण तेव्हापासून भाजीवाला बदललेला नाही.