तुम्ही विचारलंत म्हणून: एका घरात दोन पथ्यं

"तुमचं कोलेस्टेरॉल वाढलेलं आणि मुलीला अ‍ॅनोरेक्सिया. मग घरात दोन स्वयंपाक करता की काय?" असं मला बरेच जण विचारतात. (अ‍ॅनोरेक्सिया म्हणजे वजन वाढायच्या भीतीने खाणं तोडायला लावणारा मानसिक आजार.) स्वयंपाक एकच होतो. बदललंय ते जेवताना खाण्याविषयी बोलणं. ते आम्ही जवळजवळ बंदच केलंय.

माझं पथ्य तसं साधं आहे. संपृक्त मेद (लोणी, तूप, चीज यांत असतो तो) कमी करायचा, कारण त्याने यकृताची रक्तातलं एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, उचलून घ्यायची क्षमता मंदावते. ओट्स, बार्ली, कडधान्यं वाढवायची. त्यांतले विद्राव्य (पाण्यात विरघळणारे) तंतू आतड्यात पित्ताम्लं धरून बाहेर नेतात. मग नवं पित्त बनवायला यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढून घेतं. रोज ५ ते १० ग्रॅम असे तंतू पोटात गेले, तर एलडीएल साधारण ५ टक्के उतरतं. फार नाही, पण फुकटचं आहे.

यातलं काहीही तोंडाने जाहीर करावं लागत नाही. पाकिटावरचा तक्ता मी दुकानातच वाचतो, घरी आणून नाही. वजनकाटा घरात ठेवलेला नाही. "आज जरा जास्तच झालं", "हे खाणं म्हणजे पाप" असली वाक्यं आमच्याकडे चालत नाहीत. जिच्या डोक्यात आधीच घासाघासाचा हिशेब चालू आहे, तिच्या आजाराला ती आयतं खतपाणी घालतात. लोणी आणि चीज टेबलावर असतंच, कारण ते तिच्या आहारात लिहून दिलेलं आहे. "बाबा, तुम्ही का नाही घेत?" असं तिने विचारलं, की मी एवढंच सांगतो, "माझ्या डॉक्टरांनी मला वेगळं सांगितलंय, तुझ्या डॉक्टरांनी तुला वेगळं." पुढे भाषण नाही.

खरी गुंतागुंत निराळीच होती. तिच्या रक्ताच्या तपासणीत तिचंही कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं. चरबीचा कणही न खाणाऱ्या मुलीचं! अ‍ॅनोरेक्सियात हे बरेचदा दिसतं, आणि पहिल्यांदा ऐकणारा चक्रावतो. आजाराला तर नामी सबबच मिळाली: "बघा, मलाही तूप-लोणी नको." डॉक्टरांनी तिथेच ठामपणे सांगितलं, की हे उपासमारीमुळे झालंय आणि यावरचा उपाय पोटभर, चरबीसकट जेवण हाच. वजन सावरत गेलं की हा आकडाही बहुधा खाली येतो. म्हणून, असा रिपोर्ट हाती आला तर घरच्या घरी तेल-तूप तोडू नका. आणि खूप दिवस उपाशी असलेल्या माणसाला एकदम भरपूरही खाऊ घालू नका. रक्तातलं फॉस्फेट घसरून जिवावर बेतू शकतं. सुरुवात डॉक्टरांच्या देखरेखीखालीच हवी.

"तिला नीट समजावून सांगा ना," असंही सुचवलं जातं. अमेरिकेत मिनेसोटात १९४५ साली ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवून पाहिलं होतं. त्यांच्या डोक्यात अन्नाशिवाय काही राहिलं नाही; काही जण तर पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे. उपाशी मेंदूशी वाद घालण्यात अर्थ नसतो, हे मी त्या प्रयोगाबद्दल कळल्यापासून मानतो. ताटात काय आणि किती, हे सध्या आम्ही आईवडील ठरवतो. जेवण होईपर्यंत शेजारी बसतो आणि भलत्याच गप्पा मारतो.

माझा एलडीएल नुसत्या आहाराने हवा तेवढा उतरला नाही. पथ्य आणखी आवळता आलं असतं. पण या घरात बापाने घास मोजत बसणं मला परवडणारं नव्हतं, म्हणून डॉक्टरांशी बोलून स्टॅटिनची, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी, गोळी सुरू केली. सगळ्यांसमोर घेतो, त्यात लपवण्यासारखं काय?

आता राहिला तुमचा दुसरा प्रश्न: भेटायला आल्यावर तिला "आता छान भरलीस" म्हटलं तर चालेल का? नको. तिला ते "जाड झालीस" असंच ऐकू येतं. नव्या सिनेमाबद्दल विचारा, ती तासभर बोलेल.