भाताचे खापरपणजोबा

"मावशी, शेण आहे तर वास का नाही येत?" भाचीने दगड थेट नाकाशी नेला.

मुठीएवढा, राखाडी, हाताला जड. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याचा. बहुधा टायटॅनोसॉर डायनासोरचं, दगड झालेलं शेण (शेणाश्म), साडेसहा कोटी वर्षांहून जुनं!

पूर्वी वाटायचं, डायनासोरांच्या काळी गवत नव्हतंच. २००५ साली पिसदुऱ्याच्याच शेणाश्मांत गवताच्या पेशींतले सिलिकाचे कण सापडले. गवत कुजतं, हे कण टिकतात. भात आणि बांबू हीही गवतंच; त्यातले काही कण त्यांच्या कुळाशी नातं सांगणारे.

"म्हणजे तो भात खायचा?"

"भात नाही गं, भाताचे खापरपणजोबा."

रात्री वरणभात वाढताना तिने एक शीत बोटावर घेतलं आणि कितीतरी वेळ बघत राहिली. मीही.

पिसदुऱ्याला गेलंय का तुमच्यापैकी कुणी?