चहाच्या मगातली बीअर

सकाळी ‘शगी बेन’ हातात घेतली ती दिवेलागणीलाच खाली ठेवली. दुपारी नुसत्या खिचडीवर भागवलं.

डग्लस स्टुअर्टची ही पहिलीच कादंबरी, २०२० चं बुकर मिळालेली. १९८० च्या दशकातलं ग्लासगो. टॅक्सी चालवणारा बाप बायकामुलांना शहराबाहेरच्या खाणकामगारांच्या वस्तीत आणून सोडतो आणि निघून जातो. आई ॲग्नेस दारूत बुडत जाते, पण केस, लिपस्टिक, कोट सगळं कसं टापटीप. बीअरसुद्धा चहाच्या मगात ओतून प्यायची! आणि धाकटा शगी तिचा चेहरा वाचत तिच्याजवळ बसून राहतो.

इथे मी पुस्तक मिटलं. आमच्या चाळीत एक मुलगा होता. जिन्यातल्या पावलांवरून त्याला कळायचं, बाबा आज पिऊन आलेत का. खेळता खेळता मध्येच ताठ व्हायचा. आम्ही ओरडायचो, "अरे, लक्ष कुठंय तुझं?"

मोठा भाऊ लीक शगीला ‘मुलग्यासारखं’ चालायला शिकवतो, तो प्रसंग दोनदा वाचला. लेखक सोळा वर्षांचा असताना त्याची स्वतःची आई दारूपायीच गेली. हे आधीपासून माहीत होतं, तरी शेवटची पानं झेपली नाहीत.

तो मुलगा आता कुठे असेल?