आमची वाटचाल : वास पकडण्याचा धंदा

भोसरी एमआयडीसीतल्या भाड्याच्या गाळ्यात आम्ही सुरुवात केली ती पीपी (एक प्लास्टिक) आणि एफआरपी (काचेच्या धाग्यांनी मजबूत केलेलं प्लास्टिक) यांच्या टाक्या, डक्ट (हवा वाहून नेणारे नळ) बनवण्यापासून. वासाशी संबंध एवढाच, की प्लेटिंगवाल्यांच्या ॲसिडच्या टाक्यांवर वाफ ओढून घेणारे हूड बसवायला जायचो. मग गिऱ्हाइकंच म्हणू लागली, "हूड तुमचा, डक्ट तुमचा, मग स्क्रबर दुसऱ्याकडून कशाला?" असे स्क्रबर (दूषित हवा धुऊन काढणारी यंत्रं) सुरू झाले.

ॲसिडच्या वाफा धुणं त्या मानाने सोपं. कॉस्टिक सोड्याचं पाणी फिरवायचं, पीएचवर लक्ष ठेवायचं. खरी शाळा भरली ती ईटीपी-एसटीपीवर, म्हणजे कारखान्यांच्या आणि सोसायट्यांच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्रांवर. सांडपाण्यातला हायड्रोजन सल्फाइड अब्जात काही भाग असला तरी नाकाला कळतो. म्हणजे साध्या मीटरवर शून्य आणि शेजारच्या बिल्डिंगमध्ये बोंब! उलट 100 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत 100 भाग) पुढे तोच गॅस नाक बधिर करतो. वास गेला असं वाटतं आणि माणूस जिवानिशी जातो. म्हणून गॅस मीटर खिशाला लावल्याशिवाय आमचा कुणीही टाकीच्या तोंडाशी जात नाही, समोरचा मॅनेजर कितीही घाई करो.

वाकड-बाणेरकडच्या सोसायट्यांत तळघरातल्या एसटीपीत शिरलं की मी आधी इलेक्ट्रिक पॅनेल उघडायला लावतो. आतलं तांबं काळंठिक्कर पडलेलं असेल तर गॅस बऱ्याच दिवसांपासून कोंडतोय हे वेगळं सांगावं लागत नाही. पुष्कळदा कारण एकच : विजेचं बिल वाचवायला रात्री ब्लोअर (टाकीत हवा सोडणारं यंत्र) बंद. इक्वलायझेशन टाकीतलं (जिथे सांडपाणी आधी साठतं) पाणी हवेविना सडतं आणि पहाटे ब्लोअर सुरू झाला की रात्रभर साठलेला गॅस एका दमात वर येतो. त्यात डिसेंबरच्या थंडीत हवा जमिनीलगत दबून राहते, त्यामुळे आमचे फोन सकाळी सातलाच वाजायला लागतात. आणि कमिटी मागते काय, तर सुगंधी फवारा. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! घाणीवर लिंबाचा वास मारला की तो आणखी मळमळतो. फवारे आम्ही विकत नाही. कित्येक ठिकाणी टायमर बसवून, ब्लोअर थोड्या थोड्या वेळाने चालवूनच काम भागतं. त्यात आम्हाला फारसं काही सुटत नाही, पण त्याच सोसायटीतल्या कुणाचा तरी चाकणला कारखाना असतो.

बायोफिल्टर हे माझं आवडतं काम. नारळाचा काथ्या आणि लाकडाचे तुकडे यांचा मीटरभर उंचीचा थर, खालून ओलसर दूषित हवा. थरातले जिवाणू गंधक खातात. हवा आत निदान अर्धा-पाऊण मिनिट रेंगाळली पाहिजे, आणि पर्चेसवाल्यांशी वाद इथेच होतो, कारण याचा अर्थ मोठी टाकी, जास्त जागा. पुण्याचा एप्रिल-मे त्याला सोसत नाही. थर वाळला की भेगा पडतात आणि हवा त्या भेगांतूनच पळते. मूठभर काथ्या घेऊन पिळायचा. हाताला ओल लागली पाहिजे, पाणी गळता कामा नये. आमचे ऑपरेटर मीटरपेक्षा या मुठीवर जास्त भरवसा ठेवतात. गंधक खाल्लं की ॲसिड तयार होतं, त्यामुळे खालचा निचरा आम्लधर्मी. तिथे लोखंड वापरलंत तर एक-दोन पावसाळ्यांत चाळण.

पेंट शॉपची चौकशी आली की मात्र मी स्क्रबरला सरळ नाही म्हणतो. झायलीन, टोल्युईन पाण्यात नीट विरघळतच नाहीत, मग धुणार काय? तिथे ॲक्टिव्हेटेड कार्बन. तोही आधी रंगाची धूळ गाळून, हवा कोरडी ठेवून. अमोनियाला सौम्य सल्फ्युरिक ॲसिड, हायड्रोजन सल्फाइडला कॉस्टिक आणि हायपो (सोडियम हायपोक्लोराइट). दोन्ही वास एकत्र असले तर दोन टप्पे लागतात. एकाच टाकीत सगळं करून देणारे बाजारात भेटतात; त्यांचं कोटेशन आमच्यापेक्षा नेहमीच स्वस्त असतं.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2008 मध्ये दुर्गंधीवर मार्गदर्शक पुस्तिका काढली. तरी ऑर्डर निघते ती शेजाऱ्यांनी तक्रार केल्यावरच. त्यामुळे हल्ली आम्ही मशीनच्या आधी झाकणाचा दर देतो. उघड्या टाकीवरची हवा ओढायला प्रचंड ब्लोअर लागतो; झाकण घालून आत किंचित ओढ ठेवली की ब्लोअर आणि स्क्रबर दोन्ही लहान होतात. आमच्याच विक्रीचा आकडा त्याने खाली येतो, हे अकाउंट्सवाल्या पोरीने दोनदा दाखवून दिलंय. गाळ्यात सध्या निम्मी जागा झाकणांच्या साच्यांनी अडवली आहे, आणि एफआरपीच्या कामाला आणखी दोन माणसं हवी आहेत.