टाळक्यांच्या गर्दीत

सुमनआत्याच्या मुलीच्या लग्नाची कॅसेट आली, त्या रविवारी आम्ही चौदा-पंधरा जण डोंबिवलीला तिच्या दोन खोल्यांत दाटीवाटीने बसलो होतो. कॅसेट तीन तासांची. त्या तीन तासांत नवरा-नवरीकडे कुणी धड बघितलं असेल असं मला वाटत नाही. काका स्वतःला शोधत होते, काकू स्वतःची पैठणी शोधत होती. आत्याला हवं होतं पंगतीतलं एक वाक्य. व्याह्यांनी मठ्ठ्याचं कौतुक केलं होतं म्हणे, आणि ते नेमकं सनईच्या रेकॉर्डखाली गाडलं गेलं होतं. मंगलाष्टकं चालू असताना पडद्याच्या कोपऱ्यातून बदामाच्या आकारात नवरीचा चेहरा तरंगत आला आणि अख्ख्या वऱ्हाडाला झाकून बसला. "मेल्याने बदाम दाखवले, अक्षता कुठायत?" आत्या कडाडली.

आयर्न मेडनच्या चाहत्यांना त्यांच्या मैफलींच्या डीव्हीडींबद्दल भांडताना ऐकलं की मला ती खोली आठवते. मीही त्या भांडणात असतोच.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: मेडन हा इंग्लंडचा हेवी मेटल बँड. स्टीव्ह हॅरिस या बास गिटार वाजवणाऱ्या माणसाने १९७५ साली पूर्व लंडनमध्ये काढला. गाण्यांत लढाया, इतिहास, भुतंखेतं. टी-शर्टवर एडी नावाचं दात विचकणारं मढं. असा एक टी-शर्ट मी कॉलेजात घेतला होता. आईने पुढे त्याचं फडकं केलं. कित्येक वर्षं आमच्या ओट्यावरची खरकटी एडीने पुसली.

तर भांडणं. पहिलं ठरलेलं भांडण कॅमेरावाल्याशी. १९९९ पासून बँडमध्ये गिटारवाले तीन. सोलो, म्हणजे गाण्यातला एकट्याने वाजवायचा तुकडा, वाजवतोय एड्रियन स्मिथ, शांतपणे, खाली मान घालून. आणि कॅमेरा कुठे, तर पलीकडे यानिक गर्स गिटार गरगरा फिरवतोय त्याच्यावर. म्हणजे व्याही मठ्ठ्याबद्दल बोलतायत आणि हा जिलेबीचं ताट दाखवतोय. या डीव्हीडींतला ड्रमवाला निको मॅकब्रेन तर ढोलांच्या डोंगराआड असतो. त्याचं टाळकं क्षणभर दिसलं तरी ड्रमप्रेमी खूश.

दुसरं भांडण कात्रीचं. १९ जानेवारी २००१ ला रिओमध्ये अडीच लाख लोकांपुढे झालेली त्यांची मैफल डीव्हीडीवर आली, तिचं संकलन खुद्द हॅरिसने केलं. एक चेहरा डोळ्यांत बसतोय तोवर दुसरा, दुसरा कोण ते कळायच्या आत तिसरा. त्याच्या बासची घोडदौड जगप्रसिद्ध आहे. गड्याने कात्रीही त्याच चालीने चालवली. डोकं दुखतं, असं अर्धे चाहते म्हणतात. उरलेले म्हणतात, तिथे उभे असतात तरी डोकं दुखलंच असतं. गंमत अशी की याच हॅरिसने १९८८ साली बर्मिंगहॅमच्या मैफलींचं चित्रण केलं तेव्हा त्याला हवं होतं ते प्रेक्षकाला आपल्या जागेवरून दिसतं तसं दृश्य. तेरा वर्षांत माणूस बदलतो, किंवा त्याच्या हाती नवं यंत्र येतं.

मग चिलीतलं सान्तियागो. १० एप्रिल २०११ ची मैफल, पुढच्या वर्षी डीव्हीडी. चित्र काचेसारखं लख्ख, आणि मध्येच पडद्याचे दोन-तीन तुकडे होतात. एका चौकटीत गायक, दुसरीत गिटार, तिसरीत गर्दी. कुणाला ते आधुनिक वाटलं, कुणाला त्याचा वैताग आला. मी मात्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मोठ्याने हसलो. मला त्यात बदामच दिसला.

माझ्यापुरता विचाराल तर १९८५ ची लाँग बीचची मैफल. दिग्दर्शक जिम युकिच. कॅमेरा एका ठिकाणी थांबतो, माणसाला घाम येताना दिसतो, गायक ब्रूस डिकिन्सन पायऱ्या चढून वर जातो तर तो वर जाईपर्यंत आपणही त्याच्याबरोबर असतो. ती मैफल आम्ही आधी ऐकली ती ऑडिओ कॅसेटवर. त्यातली डिकिन्सनची आरोळी, ‘स्क्रीम फॉर मी, लाँग बीच!’, ही आमच्या पिढीतल्या डोंबिवलीच्या चार-पाच पोरांना तोंडपाठ. लाँग बीच कुठे आहे हे एकालाही माहीत नव्हतं. ते शहर नव्हतंच आमच्यासाठी, ती गाळलेली जागा होती.

ती जागा १ फेब्रुवारी २००८ ला भरली गेली. त्यांच्या नव्या जगभ्रमणाची पहिलीच मैफल मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मैदानात. शुक्रवार होता. आत्याकडे वास्तुशांत आहे असं सांगून मी ऑफिसातून दुपारीच निघालो. कुर्ल्याला उतरलो तेव्हा फलाटावर काळे टी-शर्ट इतके, की नेहमीचे प्रवासी कुणी गेलं की काय अशा नजरेने बघत होते. मी आणि माझा मित्र संज्या स्टेजपासून बरेच लांब, पण बरोबर मध्ये. धूळ एवढी की रुमालाचा रंग बदलला.

आणि मग अंधार झाला आणि चर्चिल बोलू लागला.

‘एसेस हाय’ हे गाणं ब्रिटनच्या आकाशात झालेल्या विमानलढाईचं. मैफलीत त्याच्या आधी चर्चिलचं ते प्रसिद्ध भाषण लावतात. किनाऱ्यांवर लढू, शेतांत लढू, शरण जाणार नाही, ते. मुंबईच्या मैदानात हजारो पोरं ते भाषण शब्दाशब्दाला बरोबर म्हणत होती. इथून दहा-बारा किलोमीटरवर गवालिया टँक. तिथे १९४२ च्या ऑगस्टात याच चर्चिलच्या सरकारला ‘चले जाव’ म्हटलं गेलं, आणि पुढच्याच वर्षी बंगालात माणसं भुकेने मेली तेव्हाही सरकार याचंच होतं. हे मला त्या क्षणी अजिबात आठवलं नाही. मीही ओरडत होतो. चार-पाच दिवसांनी लोकलमध्ये उभ्याउभ्या आठवलं आणि जरा ओशाळल्यासारखं झालं, पुढच्या स्टेशनापर्यंत.

या भाषणाची आणखी एक गोष्ट मला फार आवडते. तिसरं भांडण असतं ते ‘खरं किती?’ याचं. मैफल ध्वनिमुद्रित झाली, मग स्टुडिओत बसून बेसूर जागा पुन्हा गायल्या का, चुकलेला सोलो पुन्हा वाजवला का? थिन लिझी या दुसऱ्या एका रॉक बँडच्या १९७८ च्या लाइव्ह अल्बमवरून हा वाद अजून धुमसतो. निर्माता टोनी व्हिस्कॉन्टी म्हणतो तीन चतुर्थांश पुन्हा वाजवलंय, बँडवाले म्हणतात साफ खोटं. मेडनचे चाहतेही कान लावून बसलेले असतात, हा श्वास इथे कसा, हा सूर एवढा स्वच्छ कसा. आणि या सगळ्याच्या आधी, पहिल्याच मिनिटाला, जो चर्चिल आपण ऐकतो तोच मुळी पुन्हा म्हटलेला! ४ जून १९४० ला त्याने संसदेत भाषण केलं त्याचं ध्वनिमुद्रण झालंच नव्हतं. आज सगळीकडे वाजतो तो आवाज १९४९ चा, घरी बसून कागदावरून वाचलेला. लढाई जिंकून चार वर्षं झाली होती. हे मी संज्याला सांगितलं तेव्हा तो दोन मिनिटं गप्प बसला आणि म्हणाला, "तरी काटा येतोच ना?" येतो.

त्या दौऱ्याचा माहितीपट निघाला, ‘फ्लाइट ६६६’. बँड, माणसं आणि सामान सगळं एका बोइंग ७५७ मध्ये, आणि विमान चालवायला डिकिन्सन स्वतः, कारण तो रीतसर वैमानिक. ४५ दिवसांत २३ मैफली. एप्रिल २००९ मध्ये तो चित्रपटगृहांत लागला, मग दोन तबकड्यांची डीव्हीडी आली. एकीवर माहितीपट, दुसरीवर नुसती गाणी. ती गाणी म्हणजे अख्खा सेटलिस्ट, मैफलीत ओळीने वाजणारी सोळा गाणी, पण प्रत्येक गाणं वेगळ्या शहरातलं. दुसरं मेलबर्नचं, तिसरं सिडनीचं, चौथं टोकियोचं. आणि पहिलं, ‘एसेस हाय’, मुंबईचं.

यावर चाहत्यांत दोन तट. मैफल म्हणजे एक रात्र, एक आकाश, तिचे सोळा तुकडे केलेत तर उरलं काय, हा एक पक्ष. गायकाचा आवाज पहिल्या गाण्यात जरा बसलेला असतो, पाचव्यात सुटतो, बाराव्यात थकतो, आणि तेच तर ऐकायचं असतं. आपल्याकडे बैठकीची जुनी खासगी रेकॉर्डिंग जपणारे लोक हेच म्हणतात. सुरुवातीचं तंबोरे जुळवणंसुद्धा ते कापू देत नाहीत. मला हा पक्ष पटतो. पण मी दुसऱ्या पक्षात आहे, कारण पहिलं गाणं माझ्या गावाचं आहे. आता यात तत्त्व वगैरे काही नाही. बोगोटाच्या माणसाला विचारलं तर तो म्हणेल अकरावं गाणं सगळ्यांत भारी. त्याच बोगोटात, माहितीपटात, एक चाहता आहे. निकोने फेकलेली ड्रमची काडी त्याच्या हाती लागलीय, आणि तो ती धरून रडतोय. कुणाशी बोलत नाही, काही नाही. त्याचा चेहरा दिसला की माझ्या ओळखीतले सगळे, एरवी संकलनाचे वाभाडे काढणारे, गप्प होतात. एडीचं फडकं करणारी माझी आईही म्हणाली होती, "ह्याला कुणीतरी पाणी द्या रे."

डीव्हीडी हातात आली त्या रात्री मी मुंबईचं गाणं नऊ वेळा पाहिलं. डिकिन्सन कुठे उड्या मारतोय, कुणाचा सोलो चाललाय, कशाकडेही लक्ष नव्हतं. गर्दी आली की थांबव. मागे घे. थांबव. अंधारात हात, शिंगांसारखी दोन बोटं, टाळकी, पुन्हा हात. दोनेक सेकंदांच्या एका दृश्यात मला मी सापडलो. म्हणजे माझा हात सापडला. मनगटावर घड्याळाचा पट्टा चमकतोय, बरोबर मध्ये, बरेच लांब. मी संज्याला फोन केला. तो तेव्हा न्यू जर्सीला गेला होता. त्याने तिकडे डीव्हीडी लावली आणि म्हणाला, "येड्या, तो माझा हात आहे."

हा वाद आमच्यात तेव्हापासून आहे. दर १ फेब्रुवारीला न चुकता फोन होतो, पोराबाळांची चौकशी होते, त्याचे गुडघे, माझी साखर, आणि शेवटी हात. कॅमेरा वाईट, उजेड वाईट, त्या क्षणी नेमका झोत दुसरीकडे का वळवला, या सगळ्यावर आमचं एकमत आहे. फक्त हातावर नाही.

मागच्या दिवाळीत सुमनआत्या चार दिवस राहायला आली होती. वय ७८, मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून नजर एकदम तेज. भिंतीवरची पाल तिला माझ्याआधी दिसते. दुपारी मी टीव्हीवर उगाच ते गाणं लावलं. ती लाडवाची बशी घेऊन शेजारी बसली. चर्चिलचं तिने ऐकून घेतलं. जाळ उडाला तेव्हा "अगं बाई" म्हणाली. मग तिने अपेक्षित प्रश्न विचारला.

"यात तू कुठायस?"

मी गर्दीपाशी थांबवलं आणि उठून पडद्यावर बोट ठेवलं. "हा."

आत्याने लाडू संपवला, चश्मा पुसला, पुढे झुकली.

"हा उजवा हात आहे."

"मग?"

"तू घड्याळ डाव्या हातात घालतोस. उजव्यात घालायचा तो तुझा डावखुरा मित्र. संज्या ना रे? माझ्याकडे लग्नात वाढायला होता. कॅसेटमध्ये दिसतो की, मठ्ठा वाढताना." ती मागे टेकली. "आणि हात एवढा वर कशाला धरायचा? मागच्याला काय दिसणार?"

मी पुन्हा पाहिलं. अंगठा कुठल्या बाजूला आहे ते पाहिलं. माझे दोन्ही हात वर करून, आरशासमोर जाऊन पाहिलं.

फेब्रुवारीत संज्याचा फोन आला तेव्हा आम्ही गुडघ्यांबद्दल बोललो, साखरेबद्दल बोललो, नेहमीसारखे हातावरून भांडलोही. आत्याचं त्याला मी सांगितलेलं नाही.