एल्सबरीतला शनिवार आणि आमचा मामा

त्याने कृत्रिम पाय काढला, आतला सिलिकॉनचा लायनर, म्हणजे मांडीवर चढवलेला मोजा, सोलून उलटा केला आणि त्यातून घाम अक्षरशः ओघळला, पाव वाटी तरी असेल. मग दुसरा पाय. मग माझ्या हातातला टॉवेल घेऊन दोन्ही मांड्यांची टोकं इतक्या सावकाश पुसली, की लहान बाळाला पुसतोय असं वाटावं. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की जखमी माजी सैनिकांच्या शनिवारच्या या व्यायामाच्या सेशनला एवढे टॉवेल का लागतात.

हा माणूस ब्रिटिश आर्मीत होता, २०१० साली अफगाणिस्तानात हेल्मंडमध्ये जमिनीत पुरलेल्या बॉम्बवर पाय पडला आणि दोन्ही पाय गुडघ्याच्या वरून गेले. दोन पाय गेले म्हणजे तेवढी कातडी गेली, म्हणजे अंगातली उष्णता बाहेर पडायला जागा कमी, त्यात तो लायनर हवाबंद, आणि दोन कृत्रिम पायांवर चालायला आपल्यापेक्षा कितीतरी जास्त ताकद लागते. वजन जरा वाढलं तरी पायाचं सॉकेट, म्हणजे मांडी ज्यात बसते ती खोबण, बसत नाही, घासतं, जखम होते, मग पाय घालता येत नाही, मग चालणं बंद, मग वजन अजून वाढतं. तो म्हणाला की इतर लोक जिमला दिसण्यासाठी जातात, मी जातो ते सोमवारी पोरीला शाळेत सोडायला उभं राहता यावं म्हणून. रोइंग मशीनवर, म्हणजे वल्ही मारल्यासारखं ओढायच्या मशीनवर, त्याला छातीशी पट्टा बांधून बसवावं लागतं, सीट लॉक करून, कारण पाय रोवायलाच काही नाही, सगळा जोर पाठीतून आणि दंडातून. वीस मिनिटं मारली की रात्री झोप लागते म्हणतो, नाहीतर नसलेली पावलं रात्रभर ठणकतात.

तर मंडळी, मी गेली सहा वर्षं इंग्लंडमध्ये एल्सबरीला राहतो, आणि एका छोट्या संस्थेच्या या सेशनला दीड वर्षापासून मदतीला जातो. खुर्च्या हलवणं, पट्टे बांधणं, ज्यांच्या बोटांत पकड नाही त्यांच्या हाताला ग्लोव्हज टेपने घट्ट करून देणं, एवढंच काम. पण मी ज्या गावात राहतो ते काय गाव आहे हे मला इथे येईपर्यंत माहीत नव्हतं. घरापासून दहा मिनिटांवर स्टोक मँडेव्हिल. पॅरालिंपिकचा जन्म तिथला.

१९४४ च्या फेब्रुवारीत तिथल्या हॉस्पिटलमध्ये मणक्याला मार लागलेल्या सैनिकांसाठी वॉर्ड उघडला, कारण युरोपात मोठी चढाई होणार आणि जखमी येणार हे ठरलेलंच होतं. डॉक्टर होते लुडविग गुटमन, जर्मनीतून जीव वाचवून १९३९ ला इंग्लंडला आलेले ज्यू न्यूरोलॉजिस्ट. तेव्हा मणका गेलेला माणूस वर्ष-दोन वर्षांत जाणार असंच धरलेलं असायचं, बेडसोअर होऊन नाहीतर लघवीचं इन्फेक्शन होऊन. गुटमननी पहिली गोष्ट काय केली तर दिवसरात्र दर दोन तासांनी प्रत्येकाला कुशीवर वळवायचं, चुकायचं नाही. मग जगायला लागलेल्या पोरांना काम आणि खेळ. सुरुवातीला व्हीलचेअर पोलो होता, उलट्या धरलेल्या काठ्या घेऊन, तो फारच धसमुसळा व्हायला लागला म्हणून बंद केला. मग नेटबॉल, तिरंदाजी. तिरंदाजी का, तर दंड आणि पाठ मजबूत होते, बसून तोल सांभाळायची सवय लागते, आणि पायांवर उभ्या असलेल्या माणसाशीही बरोबरीने स्पर्धा करता येते.

२९ जुलै १९४८, लंडन ऑलिंपिकचं उद्घाटन ज्या दिवशी त्याच दिवशी हॉस्पिटलच्या हिरवळीवर १६ जणांची तिरंदाजी झाली, त्यात दोन बायका. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे त्याच दिवशी पेशंटांना बाहेर ने-आण करायला एक खास बस भेट मिळाली, ब्रिटिश लीजन ही माजी सैनिकांची संस्था आणि लंडनच्या बस चालवणारं लंडन ट्रान्सपोर्ट यांच्याकडून. धनुष्यबाण ठीक आहे हो, पण मैदानापर्यंत न्यायला बस लागते, आणि ती कोणीतरी द्यावी लागते! १९६० ला रोममध्ये २३ देशांचे ४०० खेळाडू आले तेव्हा त्याच्या मुळाशी ही बसही होती असं मी मानतो.

आता आपल्या माणसाकडे येतो. मुरलीकांत पेटकर, सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे, आर्मीत ईएमईमध्ये, म्हणजे गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या शाखेत, जवान, बॉक्सर. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, एक मणक्यात अडकली. मुंबईच्या नौदलाच्या अश्विनी हॉस्पिटलमध्ये उपचार म्हणून पाण्यात उतरवलं आणि तिथून पोहणं सुरू झालं. १९७२ ला हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदात, वर्ल्ड रेकॉर्ड आणि भारताचं पॅरालिंपिकमधलं पहिलं गोल्ड. पद्मश्री मिळाली २०१८ ला, म्हणजे ४६ वर्षांनी, यावर मी काय बोलू. पण त्यांना परदेशी जायच्या तिकिटांचे पैसे कोणी उभे केले माहितीये? क्रिकेटर विजय मर्चंट यांनी, अपंगांसाठी काम करणाऱ्या त्यांच्या संस्थेतून. म्हणजे इथली बस आणि तिथलं तिकीट, गोष्ट एकच.

इकडे लोकांचा पैसा कसा उभा राहतो ते मी डोळ्यांनी बघतोय. ऑफिसमधली रिसेप्शनिस्ट हाफ मॅरेथॉन पळते आणि सगळ्यांकडून पाच-दहा पाऊंड स्पॉन्सर घेते. सुपरमार्केटच्या दारात बादली घेऊन म्हातारे माजी सैनिक उभे असतात. हेल्प फॉर हीरोज नावाची संस्था २००७ ला ब्रिन आणि एमा पॅरी या नवरा-बायकोने जखमी सैनिकांना हॉस्पिटलमध्ये भेटून आल्यावर सुरू केली, आणि त्यांचं पहिलं मोठं काम काय तर हेडली कोर्टच्या सैनिकी रिहॅब सेंटरमध्ये स्विमिंग पूल आणि जिम. तोपर्यंत पाय गेलेली पोरं गावातल्या पब्लिक पूलला जायची. सरकारने का नाही बांधला हा प्रश्न इथेही लोक विचारतात आणि विचारलाच पाहिजे, पण पूल झाला हे खरं. २०१४ ला लंडनमध्ये इन्व्हिक्टस गेम्स, म्हणजे जखमी सैनिकांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा, सुरू झाले, ते इथे सगळ्यांना माहीत आहेत, टीव्हीवर येतात. माझ्या शनिवारच्या चौदा-पंधरा जणांपैकी बहुतेक कोणी तिथे पोचणार नाही. त्यांच्यासाठी मेडल नाही, तरी त्यांना पट्टा बांधणारं कोणीतरी लागतंच, आणि मला तेच काम मोठं वाटतं.

कारण माझा मामा.

मामा सातारा जिल्ह्यातल्या आमच्या आजोळचा, मराठा लाइट इन्फंट्रीत. श्रीलंकेत शांतिसेनेबरोबर गेला होता, सुरुंगात उजवा पाय गेला. पुण्याच्या आर्टिफिशियल लिंब सेंटरमध्ये पाय बसवला, चांगला बसवला, हे सेंटरही १९४४ चंच, इथल्या वॉर्डाच्या वर्षीचं. पेन्शन मिळाली. गावात मान एवढा की १५ ऑगस्टला झेंड्याला मामाच. पण मामा मूळचा कबड्डीचा गडी, रेडला गेला की दोन घेऊन यायचा म्हणतात, आणि परत आल्यावर जो ओट्यावर बसला तो बसलाच. दोन वर्षांत वजन वाढलं, पाय घासायला लागला, मग पाय कोपऱ्यात उभा आणि मामा कुबडीवर. आम्ही पोरं त्या पायाला हात लावून बघायचो. शाळेत डिसेंबरमध्ये ध्वजदिनाची तिकिटं विकत घ्यायचो, शर्टाला लावायचो, आणि हे पैसे मामासारख्यांसाठी आहेत हे मला कोणी सांगितलं नाही, मामाला म्हणायचंही कोणाला सुचलं नाही की चल, मैदानात चल, बसून का होईना खेळ. सगळ्यांना वाटायचं त्याला आराम पाहिजे. मलाही तेच वाटायचं.

आपल्याकडे काहीच नाही असं म्हणणार नाही. खडकीला पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे, १९७४ पासून, मणक्याचे जखमी जवान तिथे राहतात, व्हीलचेअर बास्केटबॉल खेळतात, आणि त्या सेंटरला देणग्यांचा मोठा आधार आहे. खडकीच्याच बीईजीत, म्हणजे सैन्याच्या इंजिनिअर दलाच्या केंद्रात, आर्मीने दिव्यांग जवानांसाठी पॅरा स्पोर्ट्सचं सेंटर काढलंय, तिथले होकाटो सेमा, २००२ ला काश्मीरमध्ये सुरुंगात पाय गेलेले नागालँडचे जवान, त्यांनी पॅरिसला २०२४ मध्ये गोळाफेकीत १४.६५ मीटर टाकून ब्रॉन्झ आणलं. पुण्यात राहणाऱ्या माझ्या मित्रांना मी फोन करून विचारलं, खडकीला कधी गेलायत का. नाही. मीही पुण्यात नऊ वर्षं होतो, खडकीवरूनच रोज जायचो.

गेल्या शनिवारी सिटिंग व्हॉलीबॉल होता, जमिनीवर बसून, नेट खाली, ढुंगणावर सरकत सरकत खेळायचं, पाय बाजूला काढून भिंतीला ओळीने लावलेले. मी मामाला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन बाटलीला टेकवून ठेवला. आमच्याकडे सकाळचे साडेदहा, तिकडे दुपारचे तीन. मला वाटलं पाच मिनिटांत कंटाळेल. वीस मिनिटं झाली तरी फोन चालू. मध्येच जवळ जाऊन बघितलं तर मामा खाटेवरून उतरून खाली जमिनीवर बसला होता, दोन्ही हात टेकून.

म्हणाला, "आरं, ही कंबरंतनं वळत्यात बघ. हातानं न्हाई सरकत, कंबरंतनं."

मग जरा थांबून, "बसून कबड्डी न्हाई व्हय रं खेळत तिथं?"

मला माहीत नव्हतं. पुढच्या शनिवारी कोचला विचारून सांगतो म्हटलं.